कोंडीबाहेरच्या तीन हाका

शनिवारी रानअंजिराखाली बैठक बसणार होती. तिथं एकाच गोष्टीचा निकाल लागायचा होता. म्हाताऱ्या न्गुबानेची कोंडी त्याच्या मुलीकडे राहू द्यायची की नाही?

कोसीच्या खाडीत ज्याची कोंडी, त्याचं घर. पाण्यात काठ्यांचं लांबलचक वाकडं कुंपण, आणि त्याच्या टोकाला खोलीएवढी गोल जागा, जाड काठ्यांची, ताडाच्या पट्ट्यांनी बांधलेली. मासा कुंपणाच्या कडेकडेनं येतो आणि आत कोंडला जातो. बापाची कोंडी मुलाकडे जाते. म्हाताऱ्या न्गुबानेचे दोन्ही मुलगे जोहान्सबर्गला गेले. एक तिथंच मेला, दुसऱ्यानं वीस वर्षांत तोंड दाखवलं नाही. राहिली गेझेपी.

लहानपणी ती बापाबरोबर पट्ट्या सोलायची. वयात आली तेव्हा कासवांच्या हंगामात किनाऱ्यावर चालत वाळूतले माग मोजायचं काम करायची. मग लग्न होऊन बझ्वाना गावी गेली, नवरा वारल्यावर अडतिसाव्या वर्षी मुलीला घेऊन परत आली. बाप तेव्हा गुडघ्यांनी अधू झालेला. पाण्यात ती उतरायची आणि काठावरून बाप ओरडायचा, "अगं ती काठी तिरकी गेली! माशाला काय पाय घसरायचे आहेत का तुझ्या कोंडीत?" असं चौदा वर्षं चाललं. बाप गेला तेव्हा ती बावन्नची होती. पोटापाण्यासाठी ती पाहुण्यांना खाडी दाखवायची. तळी, कांदळवन, ताडाची फळं खाणारं गिधाड, मुखाजवळच्या खडकांतले रंगीत मासे. छातीवर बिल्ला लावून, हातात काठी घेऊन पुढे चालायची.

तिच्या कोंडीला विरोध होता तो झिकाळीचा. त्याची कोंडी तिच्या शेजारचीच, मध्ये फक्त खोल पाण्याचा पट्टा. झिकाळीचा मुलगा डर्बनला गोदीत होता. दोन कोंड्या असल्या तर घरी येईन, असं तो म्हणाला होता. हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. पण झिकाळी बैठकीत तसं बोलत नसे. मागच्या बैठकीत तो म्हणाला, "बाईचा हात लागला की मासा वाट बदलतो."

"मग बाबा, तुमच्या घरी मासा शिजवतं कोण?" गेझेपीनं विचारलं होतं. बायका हसल्या, पुरुषही हसले. झिकाळी हसला नाही. त्यानं लाल लोकरी टोपी डोक्यावर घट्ट ओढली आणि पाइप पेटवला.

या खाडीत एक नियम फार जुना आहे. कोंडी म्हणजे घर, म्हणून कुणाच्याही कोंडीत जायचं तर बाहेर उभं राहून त्याच्या कुळाची नावं घेऊन हाक मारायची. तीनदा. आतून नाहीतर काठावरून मालकाची ओ आली तरच पाऊल टाकायचं. ओ न घेता जो दुसऱ्याच्या कोंडीत शिरला, त्याची स्वतःची कोंडी गेली. यात अडलानडला बघत नाहीत. झिकाळीच्या चुलत्याची कोंडी अशीच गेली होती, नुसती वाहून आलेली होडी काढायला तो आत गेला होता म्हणून.

तर बैठक शनिवारी, आणि हे घडलं ते गुरुवारी.

गुरुवारी सकाळी तिच्याकडे दोघं पाहुणे होते. वेल्कम या खाणीच्या गावचा लेबुसा आणि त्याची बायको पुलेंग. लेबुसानं एकतीस वर्षं सोन्याच्या खाणीत काढली होती, आणि खाणीतलं पिवळं हेल्मेट अजूनही त्याच्या डोक्यावर असे. समुद्र दोघांनीही आयुष्यात पहिल्यांदा बघितला होता आणि पोहता दोघांनाही येत नव्हतं.

"मी जमिनीखाली तीन किलोमीटर उतरायचो, बाई," लेबुसा म्हणाला. "हे तर कमरेएवढं पाणी."

"खाणीत ह्यांना पाणघोडा कधी भेटला नाही," पुलेंग म्हणाली, "म्हणून एवढी हिंमत."

"भेटला होता. आमचा मुकादम!"

गेझेपी हसली, पण मन शनिवारात होतं. कांदळवनातून खाली येताना वाटेवर पाणघोड्याची लीद होती. एरवी ती पायाच्या अंगठ्यानं लीद उकरून बघायची, आतून ओली की सुकी. त्या दिवशी तिनं नुसतं ओलांडलं. पाणघोडे वरच्या तळ्यांत असतात, मुखाकडच्या खाऱ्या पाण्यात क्वचित येतात, असं तिनं स्वतःला सांगितलं की काहीच सांगितलं नाही, हे तिलाही नंतर आठवेना.

ओहोटीच्या पाण्यातून ती त्यांना मधल्या वाळूच्या जिभेवर घेऊन गेली. तिथून एका बाजूला समुद्राच्या लाटा फुटताना दिसतात आणि दुसऱ्या बाजूला सगळी कुंपणं, पाण्यावर कुणी काळ्या दोऱ्यानं टाके घातल्यासारखी. लेबुसा पाण्यात तोंड घालून खडकांतले मासे बघत राहिला. निळे, पिवळे, पट्ट्यांचे. पुलेंगनं समुद्राचं पाणी बाटलीत भरून घेतलं, शेजारणीला दाखवायला. मत्स्यगरुड ओरडला. भरती लागायला अजून वेळ होता, तरी गेझेपीनं घाई केली. "चला बाबा, पाणी कुणासाठी थांबत नाही."

परतताना ते अर्ध्या वाटेवर होते. पाणी कमरेला लागत होतं. वारा जमिनीकडून येत होता, हलकाच. लेबुसानं नाक वर केलं.

"कुणीतरी झकास तंबाखू ओढतंय."

गेझेपीनं तो वास ओळखला. काठावरच्या रानजांभळाखाली झिकाळी बसला असणार. भरतीच्या आधी कोंडी बघायला तो रोज येतो. तिनं तिकडे बघायला मान वळवली आणि त्याच वेळी कांदळवनाच्या कडेचं पाणी फुगलं.

आधी दोन कान वर आले. मग डोळे. मग त्याच्या मागे अगदी लहान दोन कान.

पिल्लू होतं. म्हणजे मादी होती.

"थांबा," गेझेपी म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "हलू नका. बोलू नका."

मादी त्यांच्याकडे तोंड करून होती. गेझेपीनं मागे बघितलं. मागे खोल पट्टा होता, गडद निळा. मादीला पिल्लू घेऊन तिथंच जायचं होतं, आणि त्या वाटेवर बरोबर मध्ये हे तिघं उभे होते. बाप म्हणायचा, पाणघोड्याला राग यायला कारण लागत नाही, वाट अडली की पुरे. आणि मोकळी वाट मिळाली तर तो तुझ्याकडे बघतही नाही.

वाटेतून बाजूला व्हायला हवं होतं. काठाकडे मादी. मागे बुडायचं पाणी. वाळूची जीभ लांब राहिली होती, आणि कमरेएवढ्या पाण्यात पळता येत नाही. उजवीकडे, वीस पावलांवर, झिकाळीची कोंडी. तिची स्वतःची कोंडी खोल पट्ट्याच्या पलीकडे, तिथं ती एकटी पोहून जाऊ शकली असती.

"माझ्यामागून या," ती म्हणाली. "पाय उचलू नका, सरकवा."

ते सरकत गेले. मादीनं नाकपुड्यांतून पाणी उडवलं. पुलेंगच्या तोंडून काहीतरी प्रार्थना चालली होती, आवाज न करता, नुसते ओठ.

कोंडीच्या दारापाशी गेझेपी पोहोचली. दार ताडाच्या पट्टीनं बांधलेलं होतं, झिकाळीच्या घरच्या गाठीनं. हात गाठीवर ठेवला आणि तिथंच थबकला. आता हे सांगायला सोपं आहे की तिनं गाठ कापायला हवी होती. पण बावन्न वर्षं जे हाडात मुरलंय ते पाणघोडा समोर असला म्हणून निघून जात नाही. ती दाराबाहेर सरळ उभी राहिली आणि तिनं हाक मारली.

"ओ झिकाळी! वाळूवर घर बांधणारे हो! पुराला मागे सारणारे हो! दारात न्गुबानेची मुलगी उभी आहे!"

लेबुसाला वाटलं ती मदतीला ओरडतेय. तोही ओरडायला लागला.

"तुम्ही गप्प राहा!" गेझेपी म्हणाली.

पण आवाजानं मादीचं डोकं वर झालं. तिनं तोंड उघडलं. ते तोंड आत गुलाबी होतं आणि दात पिवळे. पिल्लू तिच्या कुशीत सरकलं. ती दोन पावलं पुढे आली, आणि पाण्यातली ती दोन पावलं म्हणजे एक लाट.

"ओ झिकाळी! वाळूवर घर बांधणारे हो!" दुसरी हाक.

गेझेपीनं काठाकडे बघितलं. रानजांभळाखाली लाल टोपी होती. उभी होती. तोंड इकडेच होतं. टोपीच्या खालून निघालेला धूर वाऱ्यावर पाण्याकडे येत होता, तिच्याकडे.

टोपी हलली नाही. आवाज आला नाही.

"बाई," लेबुसा कुजबुजला, "ती येतेय."

तिसरी हाक गेझेपीनं मारली, पण पूर्ण झाली नाही. "ओ झिका..." एवढंच. तोपर्यंत तिनं कमरेचा चाकू काढला होता. झिकाळीची गाठ एका झटक्यात कापली. दार ढकललं, पुलेंगच्या खांद्याला धरून तिला आत लोटलं, मागून लेबुसाला, मग स्वतः.

आत पाणी छातीला लागलं. आत मासेही होते, रात्रभर कोंडलेले. बोई, करकरे, मोठे मोठे. ते तिघांच्या पायांवर आपटले आणि उघड्या दारातून चांदीसारखे बाहेर पडले.

"पायाला काय लागतंय?" पुलेंग ओरडली.

"झिकाळीबाबांचं जेवण," गेझेपी म्हणाली. "काठ्यांपासून लांब. मध्ये या."

मादी आली. कुंपणाच्या बाहेरून, अगदी जवळून. काठ्यांच्या फटींतून तिची पाठ दिसत होती, ओली, करडी, संपतच नव्हती. तिचा खांदा कोंडीला घासला. एक काठी मोडली. मग आणखी दोन. सगळी कोंडी टोपलीसारखी करकरली. तिच्या मनात असतं तर ही भिंत म्हणजे काडेपेटी होती. तिघं मध्ये एकमेकांना धरून उभे होते.

वाट मोकळी होती. मादी खोल पट्ट्याकडे गेली. पिल्लू तिच्या मागे, मान वर काढून. पाणी त्यांच्यावर मिटलं.

भरती लागली होती, पाणी पुलेंगच्या हनुवटीकडे सरकत होतं. मग गेझेपी म्हणाली, "आता. सावकाश."

ते काठावर आले. लेबुसा वाळूत बसला. पुलेंगच्या मुठीत समुद्राच्या पाण्याची बाटली तशीच होती.

रानजांभळाखाली कुणी नव्हतं. जमिनीवर पाइपची राख झटकलेली होती. गेझेपीनं वाकून तिला बोट लावलं. गरम होती.

"इथं माणूस होता ना?" लेबुसानं विचारलं. "तंबाखूवाला. मला टोपी दिसली."

गेझेपीनं बोटाला लागलेली राख पुसली. मग तिनं त्यांना सगळं सांगितलं. शनिवारची बैठक, नियम, कापलेली गाठ. लेबुसानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी थांबतो शनिवारपर्यंत. तोंडावर सांगतो त्याच्या."

"नको बाबा. इथं पाहुण्याची साक्ष धरत नाहीत. आणि तुम्ही सांगाल ते खरं असेल, पण मला इथंच राहायचंय."

"अहो बाई, पण तुमची कोंडी जाईल!" पुलेंग म्हणाली.

"जाईल," गेझेपी म्हणाली.

दुपारी ते मांगुझी गावाकडे गेले, तिथून पुढे वेल्कमला. जाताना लेबुसानं आपल्या डोक्यावरचं खाणीतलं जुनं पिवळं हेल्मेट तिला दिलं. "पाणघोड्यापुढं कामाचं नाही," तो म्हणाला, "पण बैठकीत घाला."

संध्याकाळी गेझेपी झिकाळीच्या घराच्या फाटकापाशी उभी राहिली आणि हाक मारली. आत चुलीचा धूर होता, कोंबड्या होत्या, मक्याचं पुतू ढवळल्याचा आवाज होता. ओ आली नाही. तिनं फाटकाबाहेर नव्या काठ्यांची मोळी आणि सोललेल्या पट्ट्यांची गुंडाळी ठेवली, दुरुस्तीसाठी, आणि घरी आली. सकाळी मोळी तशीच होती.

शुक्रवारी सगळ्या वस्तीला कळलं. विहिरीवर बायका तिच्याशी नेहमीपेक्षा जास्त गोड बोलल्या, त्यावरून तिला काय ते समजलं.

शनिवारी रानअंजिराखाली तीसेक माणसं होती. पुरुष खुर्च्यांवर आणि ओंडक्यांवर, बायका चटयांवर. वस्तीचा मुखिया न्तुली इंदुना मध्ये बसला होता. तो वयस्कर, शांत माणूस, कान थोडे मंद. झिकाळी त्याच्या डावीकडे, लाल टोपी गुडघ्यावर ठेवून. टोपीशिवाय तो फार म्हातारा दिसत होता.

"कोंडीचं नंतर बघू," इंदुना म्हणाला. "आधी गुरुवारचं. गेझेपी, तू झिकाळीच्या कोंडीत शिरलीस?"

"शिरले, बाबा."

"गाठ सोडलीस?"

"कापली."

बसलेल्यांतून एक उसासा गेला. गाठ सोडणं वेगळं, कापणं वेगळं.

"मासे?"

"गेले सगळे. तीन काठ्या मोडल्या. त्या पाणघोड्यानं मोडल्या, पण आणलं त्याला मीच. मी ओरडले म्हणून तो तापला."

"ओरडलीस कशाला?"

"हाक मारत होते, बाबा. नियमाप्रमाणे."

कुणीतरी मागे हसलं आणि लगेच गप्प झालं.

"किती हाका?"

"अडीच."

"अडीच?" इंदुनानं कानामागे हात धरला.

"तिसरी पुरी झाली नाही. त्याचं तोंड एवढं होतं." तिनं हात पसरून दाखवलं.

"बरं. ओ आली?"

इथं गेझेपी थांबली. पानं हलत होती. समोर झिकाळी जमिनीकडे बघत होता आणि त्याची बोटं टोपीची लोकर उपसत होती. एक शब्द बोलला की पुरे होतं. म्हातारा उभा होता, ऐकत होता, धूर माझ्याकडे येत होता. वस्ती त्याच्यावर थुंकली असती. माणूस मरत असताना ओ न देणाऱ्याच्या फाटकाशी पुन्हा कुणी हाक मारली नसती, आणि डर्बनचा मुलगा कायमचा डर्बनचाच झाला असता. पण म्हणून तिची कोंडी वाचली असती, असंही नाही. ओ ती ओच.

"नाही आली," ती म्हणाली.

"काठावर कुणी होतं?"

"माझं लक्ष पाणघोड्याकडे होतं, बाबा."

इंदुनानं मान हलवली. तो बाकीच्या म्हाताऱ्यांकडे वळला. कुणी तिच्याकडे बघेना. इंदुनानं बोलायला तोंड उघडलं.

"मी होतो," झिकाळी म्हणाला.

"काय?"

"काठावर. जांभळाखाली. मी होतो." त्यानं टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. "मी ओ दिली."

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. गेझेपीचीही.

"तू दिलीस?" इंदुना म्हणाला. "मग ही म्हणते..."

"ऐकू गेली नसेल तिला. वारा समुद्राकडून होता. माझा आवाज मागे कांदळवनात गेला." तो कुणाकडेच बघत नव्हता. "पहिल्याच हाकेला दिली. ओ दिली म्हणजे दिली. ती ओ घेऊनच आत गेली. तिला माहीत नव्हतं, एवढंच."

"मग दोन दिवस बोलला का नाहीस?"

झिकाळीनं टोपी हातात पिळली. "मासे गेले त्याचा राग होता," तो शेवटी म्हणाला.

बायकांच्या चटईवरून एक जाड आवाज आला, "बाबा, बाईचा हात लागला की मासा वाट बदलतो, हे मात्र खरं ठरलं हं!" आणि आख्खी बैठक हसली. इंदुनासुद्धा.

कोंडी न्गुबानेच्या मुलीकडे राहिली. विरोधाला कुणी हात वर केला नाही.

रविवारी पहाटेच्या ओहोटीला ती काठ्या खांद्यावर घेऊन झिकाळीच्या कोंडीपाशी गेली. दाराबाहेर उभी राहिली, श्वास घेतला.

"ओ झिकाळी! वाळूवर..."

"अगं हो, ऐकलं!" काठावरून आवाज आला. "सगळ्या खाडीला ऐकू गेलं. ये."

तो पाण्यात उतरला. दोघांनी मिळून काम केलं. ती काठी रोवायची, तो पट्टी बांधायचा. गाठ त्याच्या घरची, पक्की बसत होती. सूर्य वर आला. वाळूच्या जिभेवर कुणा दुसऱ्या मार्गदर्शकाचे पाहुणे दिसू लागले.

शेवटची काठी राहिली तेव्हा झिकाळीनं पट्टी दातात धरली, सोडली, आणि कोंडीच्या भिंतीकडे बघत विचारलं, "त्या दिवशी वारा कुठून होता गं?"

गेझेपीनं काठी दोन्ही हातांनी दाबून धरली.

"समुद्राकडून, बाबा."

"हं," झिकाळी म्हणाला, आणि त्यानं गाठ ओढली.